गुऱ्हाळ म्हणजे नेमकं काय?

कोल्हापूरच्या पंचक्रोशीत ‘गुऱ्हाळ’ हा एकच शब्द तीन गोष्टींना चालतो. ‘गुऱ्हाळावर जाऊन ये’ म्हणजे जागा. ‘दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागेल’ म्हणजे काम. ‘त्यांचं गुऱ्हाळ तोट्यात आहे’ म्हणजे धंदा. (चर्चेचं गुऱ्हाळ तूर्त बाजूला ठेवू.) ऐकणाऱ्याला वाक्यावरून बरोबर कळतं. संगणकात मात्र तिन्हींची नोंद एकाच नावाखाली झाली, तर हंगाम संपताच चुलवाणासकट शेडही ‘संपली’ असं उत्तर येऊ शकतं.

जगात कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परस्परांशी संबंध काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. त्याचं उत्तर यंत्राला वापरता येईल इतक्या काटेकोरपणे लिहायचं, हे उपयोजित ऑन्टॉलॉजीचं काम. या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला सॉफ्टवेअर काही आठवड्यांत येतं. अडतं ते समोरची गोष्ट कोणत्या जातीची, हे ठरवताना.

पहिली विभागणी ‘टिकणारं’ आणि ‘घडणारं’ अशी. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, टिकणारी: कोणत्याही क्षणी पाहा, ती पूर्ण समोर असते. गूळ तयार होणं हे घडणारं: रस गाळणं, भेंडीच्या चिकट रसाने मळी वर आणून काढणं, साधारण ११८ अंश सेल्सिअसला काहील उतरवणं, गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतणं, असे त्याचे काळातले तुकडे असतात. ‘बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी’ या चौकटीचा पाया हाच. बफेलो विद्यापीठातले तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा आहे. २०२१मध्ये ती आयएसओ/आयईसी २१८३८-२ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाली.

नवशिका हमखास घसरतो तो ‘प्रकार आहे’ या संबंधावर. ऊस, त्याखाली रस, त्याखाली गूळ अशी उतरंड तो लावतो. पण गूळ हा काही उसाचा प्रकार नव्हे. तो उसाच्या रसापासून तयार होतो. उतरंड तशीच ठेवली, तर उसाला लावलेली ‘शेतात उभा असतो’ ही अट गुळालाही लागू होते. दुसरी चूक गुळव्याची, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराची. ‘गुळव्या’ हा माणसाचा कायमचा प्रकार मानला, तर पावसाळ्यात शेती करणारा तोच माणूस यंत्राच्या लेखी तेव्हाही गुळव्याच राहतो. ती भूमिका आहे. माणूस न बदलता ती येते आणि जाते.

हा फरक आपल्याकडे नवा नाही. न्याय आणि वैशेषिक या भारतीय दर्शनांच्या विचारवंतांनी खरी ‘जाती’ आणि वरून लागलेली ‘उपाधी’ वेगळी काढली. ‘पाचकत्व’, म्हणजे स्वयंपाकी असणं, ही उपाधी. त्यांच्यातल्या उदयनाचार्यांनी ‘किरणावली’ या ग्रंथात जाती मानण्याआड येणारे सहा अडथळे सांगितले, त्यातला ‘संकर’ तर ऑन्टॉलॉजीच्या वर्गात रोज भेटतो. सेंद्रिय गूळ आणि कोल्हापुरी गूळ घ्या. काही गूळ दोन्ही असतो, काही फक्त सेंद्रिय, काही फक्त कोल्हापुरी. दोघांपैकी कोणाला कोणाखाली घालणार? उदयनाचार्य म्हणतील, दोन्ही एकदम जाती होऊ शकत नाहीत. आजचा व्यवहारी तोडगा असा: प्रकारांच्या मूळ उतरंडीत ‘गूळ’ एवढाच वर्ग ठेवायचा, उरलेल्या दोघांच्या फक्त व्याख्या लिहायच्या आणि कोणता माल कशात बसतो हे तर्कयंत्राला, म्हणजे व्याख्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्या प्रणालीला, काढू द्यायचं.

व्याख्या ‘अ म्हणजे असा ब, जो क’ याच साच्यात बसवायची आणि नावावर विसंबायचं नाही. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चप्पलही नियमाने कोल्हापुरीच. दिसायला हुबेहूब, पण या आठ जिल्ह्यांबाहेर शिवलेली मात्र नाही. फरक चामड्यात शोधून सापडणार नाही. तो उगमाच्या नोंदीतच ठेवावा लागतो.

प्रकल्पाची सुरुवात प्रश्नांनी करावी: हा रवा कोणत्या गुऱ्हाळातला? त्याचा ऊस कोणत्या तालुक्यातला? (बाजार समितीतला रवा म्हणजे गुळाची ढेप, शिऱ्याचा नव्हे, शब्दसूचीत हेही लिहावं लागतं.) असे पंधरा-वीस प्रश्न कागदावर आल्याशिवाय प्रोटेजे उघडू नये. हे स्टॅनफर्डचं मोफत साधन ओडब्ल्यूएल (वेब ऑन्टॉलॉजी लँग्वेज) या भाषेत वर्ग आणि संबंध लिहून घेतं.

इथे एक सापळा आहे. रव्याला ‘एकच उगम-गुऱ्हाळ’ अशी अट घातली आणि चुकून दोन गुऱ्हाळं नोंदली, तर यंत्र तक्रार करत नाही. ती दोन्ही गुऱ्हाळं एकच आहेत, असा निष्कर्ष काढून ते मोकळं होतं. नावं वेगळी म्हणजे वस्तू वेगळ्या, असं ओडब्ल्यूएल गृहीत धरत नाही. ती भिन्न आहेत हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं. तसंच, सेंद्रिय प्रमाणपत्राची नोंद नसली म्हणून प्रमाणपत्रच नाही, असंही ही भाषा मानत नाही. नोंद अपुरी असल्याचा इशारा हवा असेल, तर २०१७मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेली ‘शॅकल’ ही तपासणीची भाषा सोबत घ्यावी लागते. सौद्याच्या आधी वजनकाटा तपासावा, तशी ती माल यादीत चढण्यापूर्वीच चालवायची.