घोड्याचा गुडघा पुढे की मागे?

घोडा लंगडायला लागला की मालक डॉक्टरांना फोन लावतो आणि सांगतो, ‘गुडघ्याला सूज आहे.’ पलीकडून लगेच विचारणा होते, ‘पुढचा पाय की मागचा?’ घोडेवाले ज्याला सर्रास गुडघा म्हणतात, तो पुढच्या पायाच्या मध्यावरचा सांधा. हाडांच्या हिशेबाने तो गुडघा नव्हेच, ते मनगट आहे. खरा गुडघा मागच्या पायात, थेट कुशीखाली असतो. डॉक्टर त्याला स्टायफल म्हणतात.

पटत नसेल तर तळहात उभा धरून फक्त मधल्या बोटाचं टोक टेबलावर टेकवा. नख म्हणजे खूर. तळहातातलं मधलं हाड म्हणजे घोड्याच्या पायाची ती लांब, सरळ नळी. तिच्या वर तुमचं मनगट येतं, आणि घोड्याचा ‘गुडघा’ही तिथेच. कोपर तर त्याच्याही वर, छातीला चिकटून असतं.

फसगत होण्याचं कारणही साधं आहे. पुढचा पाय उचलला की या सांध्याखालचा भाग मागे दुमडतो, अगदी आपल्या गुडघ्यासारखा. पण इथे वाटी नाही. आहेत ती दोन ओळींत बसवलेली सात किंवा आठ छोटी हाडं, त्यांतलंच एक चपटं हाड मागच्या बाजूला हाताला लागतं. शांत घोड्याचा पुढचा पाय दुमडून धरा आणि सांध्यावरून पुढून अंगठा फिरवा. दोन आडव्या खाचा लागतील. या खाचा म्हणजे आतल्या तीन सांध्यांपैकी वरचे दोन. वाकताना ते उघडतात, तिसरा, सर्वांत खालचा, जवळजवळ हलत नाही. घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. भरधाव पळताना हा सांधा सरळ रेषेच्याही पलीकडे मागे ताणला जातो, हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि कधी कधी टवका उडतो. शर्यतीच्या घोड्यांचं हे नेहमीचं दुखणं.

मागच्या पायात दुसरा घोटाळा होतो. मध्यावर मागे टोक आलेला सांधा पाहून ‘घोड्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो’ असं म्हणतात. तो हॉक, म्हणजे घोटा, आणि ते टोक म्हणजे टाच. घोडा चवड्यावरही नाही, एकेका बोटाच्या टोकावर उभा असतो. गुडघा शोधायचा तर मांडीच्या पुढच्या कडेने हात खाली आणा. पोटाची कातडी पायाला मिळते त्याच्या आसपास कठीण गोळा लागेल, ती वाटी. मांडीचं हाड, नडगीचं हाड, वाटी आणि मधल्या कूर्चेच्या दोन चकत्या: सगळं आपल्यासारखंच, आणि घोड्याच्या शरीरातला हा सर्वांत मोठा सांधा.

आपल्या गुडघ्यात नाही अशी एक सोय मात्र इथे आहे, आणि मला तीच सर्वांत देखणी वाटते. वाटीपासून नडगीच्या हाडाला तीन अस्थिबंध जातात. त्यांतला आतला आणि मधला मिळून एक फासा तयार होतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आतल्या बाजूने ठळक उंचवटा असतो. उभ्या उभ्या डुलकी घ्यायची झाली की घोडा वाटी वर खेचतो आणि खुंटीला दावं अडकवावं तसा तो फासा या उंचवट्यावर अडकवतो. गुडघा आणि हॉक स्नायुबंधांनी असे जोडलेले असतात की गुडघा अडकला की हॉकही वाकू शकत नाही. मग स्नायूंना फारसे श्रम न देता घोडा तासन्‌तास उभा राहतो. गाढ झोपेसाठी मात्र त्यालाही आडवं व्हावंच लागतं. पुढच्या ‘गुडघ्यात’ असं कुलूप नाही.

हे कुलूप कधी कधी नको तेव्हा लागतं. पाय मागे ताणलेला राहतो, खुराचं टोक जमिनीवर घासतं, मग झटका बसून पाय सुटतो. मांडीचे स्नायू अशक्त असलेल्या तरुण घोड्यांत हे जास्त दिसतं, आणि योग्य व्यायामाने पुष्कळदा सुधारतं. बैल-म्हशींनाही असंच होतं. मालक बिचारा खूर तपासत बसतो, दुखणं असतं वर कुशीपाशी. म्हणून फोन करताना ‘गुडघा’ एवढंच सांगू नका. कोणता पाय ते सांगा, सूज पोटाच्या रेषेपासून किती खाली आहे तेही सांगा.

पुढच्या वेळी तबेल्यात पेंगणारा घोडा दिसला तर थांबून पाहा. एक मागचा पाय सैल, खुराचं टोक नुसतं टेकलेलं. थोड्या वेळाने अंग हलेल, भार बदलेल आणि आतापर्यंत सैल असलेल्या पायाची वाटी कातडीखाली वर सरकून बसेल.