पहिली कमेंट कुणाची?

नागपुरात कुठल्याही मोठ्या बांधकामावर विटा-रेती वाहणारे हात बरेचदा छत्तीसगडचे, बालाघाटचे नाहीतर शिवनीकडचे असतात. सकाळी मजुरांच्या ठिय्यावर छत्तीसगडी सर्रास ऐकू येते. यात नवल ते काय? १९५६पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि राजधानी नागपूर होती.

पण घरफोडीच्या बातमीचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर येतो. चोर कोण, हे पोलिसांनाही अजून ठाऊक नसतं. खाली मात्र पहिलीच कमेंट ‘भौ, हे सगळे बाहेरचेच’ अशा धर्तीची. तिला शेकड्याने लाइक. आपण व्हिडिओ अर्धाच पाहतो, कमेंटी मात्र बोटाने सरकवत वाचत जातो.

या वाचनाने आपलं मत लगेच पालटतं असं नाही. आधी पालटतो तो आपला अंदाज, ‘लोकांना काय वाटतं’ याचा. जर्मनीतल्या दोन संशोधकांचा २०१७मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग नेमका स्थलांतरितांवरच होता. हिंसक गुन्हे करणाऱ्या स्थलांतरितांना देशाबाहेर काढावं का, या विषयावरच्या कमेंटी लोकांना वाचायला दिल्या. मूठभर अनोळखी माणसांच्या त्या चार ओळींवरून वाचणाऱ्यांनी जनमत कुठे झुकलंय ते ठरवलं, आणि ज्यांचं मत त्या ओळींच्या उलट होतं ते बोलायला कचरू लागले. जनमताच्या जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४मध्ये मांडलेलं ‘मौनाचं आवर्तन’ ते हेच. आपण एकटे पडू या धास्तीने माणूस गप्प बसतो, तो गप्प बसल्याने दुसरी बाजू आणखी मोठी दिसते, मग आणखी कुणी गप्प बसतो.

पानठेल्यावर हीच चर्चा झाली असती तर बोलणारा कोण, तो नेहमीच असा बोलतो का, बाकीचे मान डोलावतात की तोंड फिरवतात, हे सगळं दिसलं असतं. कमेंटीत न लिहिणारा दिसतच नाही, आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत.

वर काय चढतं, यातही योगायोगाचा वाटा मोठा. २०१३मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला एक प्रयोग मला यातला सगळ्यात डोळे उघडणारा वाटतो. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या लाखभर कमेंटींपैकी काहींना संशोधकांनी, मजकूर न पाहता, चिठ्ठी टाकल्यासारखी एकेक पसंती देऊन टाकली. तेवढ्यानेच पुढच्या वाचकाने त्या कमेंटीला पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटी अशा कमेंटींचे गुण (पसंती वजा नापसंती) सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले. उलट, ज्यांना मुद्दाम नापसंती दिली त्यांना वाचकांनी सावरून घेतलं. म्हणजे खोटी निंदा आपण दुरुस्त करतो, खोटी वाहवा मात्र तशीच पुढे ढकलतो. यूट्यूब तर आधी ‘टॉप’ कमेंटीच दाखवतं, त्यामुळे सुरुवातीच्या चार लाइकांना किती भाव येत असेल पाहा!

एकीकडे हा गलका, दुसरीकडे जनगणनेचे आकडे. २०११मध्ये देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते. त्यांतले परराज्यातून आलेले आठांत जेमतेम एक, बाकीचे जवळपास सगळे आपल्याच राज्यात इकडून तिकडे गेलेले. सगळ्यात मोठं कारण नोकरी नव्हे, लग्न! लग्न करून वर्ध्याहून नागपुरात नांदायला आलेली सून या हिशेबात स्थलांतरितच, पण तिच्यावर कुणी व्हिडिओ काढत नाही. आणि इथली पोरं नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला जातात तेव्हा तिथल्या कमेंटींत ‘बाहेरचे’ कोण असतात, हे वेगळं सांगायला नको.

अशा कमेंटीला उत्तर दिलं तर उपयोग होतो का? स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०२१मध्ये याचं उत्तर छापलं. ट्विटरवर परकीयांविरुद्ध द्वेषाचं लिहिणाऱ्या १,३५० जणांपैकी काहींना त्यांनी तीन तऱ्हेची उत्तरं पाठवली. ‘ज्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यांना हे वाचून किती लागेल’ अशा आशयाचं उत्तर मिळालेल्यांनी जुन्या पोस्ट थोड्या जास्त पुसल्या आणि पुढच्या चार आठवड्यांत तसलं लिखाण जरा कमी केलं. परिणाम छोटा होता, पण होता. विनोदाने किंवा ‘तुमचे घरचेही हे वाचतायत’ या इशाऱ्याने तसा ठाम फरक दिसला नाही.