‘क्राउड आउट’ म्हणजे नेमकं काय?

अनुवादासाठी आमच्याकडे येणाऱ्या इंग्रजी मजकुरात ‘क्राउड आउट’ हे फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि ‘आउट’सारखा छोटा शब्द मिळून झालेलं जोडक्रियापद, वरचेवर भेटतं. त्याचा ‘गर्दी करून बाहेर काढणे’ असा अर्थ धरला की वाक्य बिघडतं, म्हणून हे थोडं सविस्तर.

वाफ्यात तण माजलं की रोपं खुरटतात. तण रोपांना उपटून टाकत नाही. ऊन, पाणी आणि मातीतला कस ते आधी ओढून घेतं, मग रोपांच्या वाट्याला काही उरत नाही. ‘क्राउड आउट’ म्हणजे हेच. धक्का कोणी मारत नाही, जागा भरून जाते. म्हणून आम्ही लिहितो, ‘तणाने रोपांना वाढू दिलं नाही.’ यात ‘गर्दी’ हा शब्द नाही, आणि तो यायलाच हवा असंही नाही. जुन्या इंग्रजीत ‘क्राउड’ या मूळ क्रियापदाचा अर्थ दाबणे, रेटणे असाच होता; ‘क्राउड’ म्हणजे जमाव हा अर्थ पुष्कळ नंतरचा.

अर्थशास्त्रात हा शब्द जपून वापरावा लागतो. सरकारने मोठं कर्ज उचललं की व्याजदर चढू शकतात आणि खासगी उद्योगांना कर्ज काढून गुंतवणूक करणं परवडेनासं होतं. याला ‘क्राउडिंग आउट’ म्हणतात. मंदीत पैसा पडून असतो तेव्हा हा परिणाम सौम्य असतो, असं बरेच अर्थतज्ज्ञ मानतात. इथे ‘सरकारने खासगी गुंतवणूक बंद पाडली’ असं लिहिलं तर सरकारवर नसलेला हेतू लादला जातो. असं वाक्य आमच्या तपासणीत आलं की आम्ही ते हमखास बदलतो.

हेतू दाखवायचा असेल तर इंग्रजीत ‘ड्राइव्ह आउट’ आहे, म्हणजे हुसकावून लावणे. ‘एज आउट’ म्हणजे थोडक्या फरकाने मागे टाकणे. दोन्ही वेगळे.

स्वतः इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी एक नियम. नाम असेल तर ते ‘आउट’च्या आधी किंवा नंतर, कुठेही चालतं: ‘द वीड्स क्राउडेड आउट द सीडलिंग्ज’ किंवा ‘द वीड्स क्राउडेड द सीडलिंग्ज आउट’. सर्वनाम मात्र मध्येच बसतं: ‘क्राउडेड देम आउट’. ‘क्राउडेड आउट देम’ ही चूक आम्हाला सर्वांत जास्त दिसते. कर्मणी प्रयोगही सर्रास होतो: ‘द सीडलिंग्ज वेअर क्राउडेड आउट’.

मजकूर पाठवताना एकटं वाक्य न पाठवता पूर्ण परिच्छेद पाठवा. जागा कशाने भरली आणि कोणाची गेली, हे त्यातूनच कळतं.