मनापासूनची प्रार्थना : उसने शब्द, आपले शब्द

प्रार्थना मनापासूनची असेल तर ती स्वतःच्या शब्दांत, सुचेल तशी केलेली असणार, असं आज अनेक ख्रिस्ती माणसं धरून चालतात. पाठ केलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची, हा त्याच समजुतीचा दुसरा भाग. इतिहास मात्र तसं सांगत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय ११) एक शिष्य येशूला म्हणतो, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने आपल्या शिष्यांना शिकवलं तसं आम्हालाही प्रार्थना करायला शिकवा. उत्तरादाखल हाती पडतात त्या मोजक्या, तयार ओळी : 'हे आमच्या बापा', म्हणजेच 'प्रभूची प्रार्थना'. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) खोलीत जा, दार लावून घे, व्यर्थ बडबड करू नकोस असं बजावल्यावर लगेच तीच प्रार्थना येते. खुद्द येशूच्या प्रार्थनांमध्ये दोन्ही तऱ्हा आहेत. गेथशेमाने बागेत तो स्वतःच्या शब्दांत बोलतो, आणि मत्तय आवर्जून नोंदवतो की तेच शब्द त्याने पुन्हा उच्चारले. वधस्तंभावर, प्राण जात असताना, ओठांवर येतात ती लहानपणापासून कानांवर पडलेली, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं : बाविसावं आणि एकतिसावं. त्या घडीला उसने शब्द खोटे होते, असं कोण म्हणेल?

पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास लिहिलेल्या 'दिदाखे' या छोट्या पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असा नियम आहे. त्याच पुस्तिकेत प्रभुभोजनाच्या उपकारस्तुतीचा मजकूर दिल्यावर एक वाक्य येतं : संदेष्ट्यांना मात्र हवे तितके आभार मानू द्या. म्हणजे ठरलेलं आणि उत्स्फूर्त, दोन्ही एकाच पानावर नांदत होतं.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी साधेपणा आणखी पुढे नेला. योहान कासियान या संन्याशाने त्यांच्याकडून ऐकलेलं पुढे लिहून ठेवलं. त्यातला एक गुरू, अब्बा इसहाक, सांगतो की सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ तेवढी धरून ठेवा : देवा, माझ्या मदतीला धावून ये. भूक लागली, झोप येईना, राग आला, मन भरकटलं, तरी हीच ओळ. आयुष्यभर एकच ओळ पुरते ही कल्पना आपल्याला आज जड जाते, पण त्या माणसांचा अनुभव तसा होता.

उत्तर आफ्रिकेतला बिशप आणि धर्मपंडित ऑगस्टीन याला ही रीत ठाऊक होती. ४१० मध्ये रोम लुटलं गेल्यावर आफ्रिकेत आलेल्या प्रोबा नावाच्या श्रीमंत विधवेला त्याने प्रार्थनेवर मोठं पत्र लिहिलं. इजिप्तचे बंधू वारंवार पण अगदी आखूड, भाल्यासारख्या फेकलेल्या प्रार्थना करतात, म्हणजे एकाग्रता बोथट व्हायच्या आत प्रार्थना संपलेली असते, असं तो सांगतो. सहाव्या शतकात इटलीतल्या बेनेडिक्ट या संन्याशाने तर मठासाठी नियमच केला : सगळ्यांनी मिळून केलेली प्रार्थना थोडक्यात आटोपावी आणि मठप्रमुखाने खूण केली की सर्वांनी एकदम उठावं. लांबण लावण्याचा मोह भक्तांनाच जास्त होतो, हे त्याने ओळखलं होतं.

१५३५ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला त्याच्या न्हाव्याने, पेटरने, विचारलं की प्रार्थना कशी करावी. ल्यूथरने त्याच्यासाठी छोटी पुस्तिकाच लिहिली. चांगल्या न्हाव्याचं चित्त वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं. गप्पा मारत बसला तर समोरच्याचं नाक कापायचा, तसं लक्ष प्रार्थनेत हवं, असं त्यात आहे. पद्धत म्हणजे प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं ठरलेलं निवेदन) एकेक ओळ घेऊन सावकाश म्हणणं. मधेच मनात चांगले विचार येऊ लागले तर उरलेलं खुशाल सोडून द्यावं आणि गप्प राहून ऐकावं. (त्याच वर्षी पेटरने दारूच्या नशेत आपल्या जावयाला भोसकून मारलं. ल्यूथर वगैरेंच्या रदबदलीमुळे फाशीऐवजी हद्दपारीवर निभावलं.)

शब्दांवरून खरी फाटाफूट झाली ती इंग्लंडात. १५४९ मध्ये तिथल्या चर्चमध्ये उपासनेसाठी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. छापील प्रार्थना वाचून मन हलत नाही, असं प्युरिटन मंडळींचं, म्हणजे चर्चची आणखी कडक सुधारणा हवी असणाऱ्यांचं, म्हणणं. १६४५ मध्ये संसदेने ते पुस्तक बाजूला सारून पाळकांना नुसती मार्गदर्शिका दिली. १६६२ मध्ये सुधारलेलं पुस्तक परत आलं, आणि ते न स्वीकारणाऱ्या सुमारे दोन हजार पाळकांना त्या सुमारास पदं गमवावी लागली. क्वेकर या इंग्लंडातल्या नव्या पंथाने तर उपासनेत शांत बसणंच पत्करलं. स्वतःचे शब्द म्हणजे प्रामाणिकपणा, या समीकरणाला धार आली ती या भांडणात. माझ्या मते ते जितकं राजकीय होतं तितकं भक्तीचं नव्हतं.

त्याच सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स हा संन्यासी स्वयंपाकघर सांभाळत होता, आणि त्याच्यासाठी काम हीच प्रार्थना होती. तव्यावरचं ऑम्लेट उलटतो तेही देवाच्या प्रेमापोटी, असं तो म्हणे.

लिझिअची तेरेसा (१८७३–१८९७) या फ्रेंच जोगिणीने उसन्या आणि आपल्या शब्दांचा हा गुंता सहज सोडवला. पुस्तकांतून सुंदर प्रार्थना शोधायच्या म्हटल्या की तिचं डोकं दुखे. वाचता न येणाऱ्या मुलासारखं ती देवाला हवं ते सांगून टाकी. पण मन अगदी कोरडं पडलं की 'हे आमच्या बापा' फार सावकाश म्हणत असे, असंही तिने लगेच लिहून ठेवलं आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातला प्रार्थनेवरचा भाग तिच्याच वाक्याने उघडतो आणि प्रभूच्या प्रार्थनेच्या विवेचनावर संपतो.