रिव्हर्स घेताना शेपूट सांभाळा

मुरमाच्या ढिगाऱ्याला पाठ लावायला डंपर मागे येतो. चाकामागे लोंबणारं रबर ढिगारा आणि टायर यांच्यात सापडतं, चर्र आवाज होतो आणि मडफ्लॅपचा अर्धा तुकडा मुरमातच राहतो. हाच प्रकार कॅनडाच्या क्वेबेकमध्ये बर्फावर घडतो, फक्त तिथे डंपरच्या जागी स्नोमोबाईल असते.

पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, अशी ही गाडी. गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी तिच्यावर बसून फोटो काढलेले असतात. क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांनी 1959 मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि बर्फावर एकट्यादुकट्याने फिरायची सोय झाली. पट्टा ज्या ॲल्युमिनियमच्या छताखाली फिरतो त्याला टनेल म्हणतात. टनेलच्या मागच्या टोकाला रबराची किंवा प्लॅस्टिकची झडप लोंबत असते, तो स्नो फ्लॅप.

मागून येणाऱ्याच्या तोंडावर बर्फ उडू नये, एवढंच त्याचं काम नाही. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांचा रेडिएटर टनेलच्या छताला आतून बसवलेला असतो. पट्ट्याने उडवलेला बर्फ फ्लॅप अडवतो आणि तो छताला जाऊन थडकतो. 1 ग्रॅम बर्फ नुसता वितळायला 334 ज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापलं असतं! इतकं चांगलं शीतक फुकट मिळतंय म्हटल्यावर ते निसटू न देणारी झडप मोलाचीच.

आता पट्ट्याकडे बाजूने बघा. गाडी पुढे जाते तेव्हा जमिनीला टेकलेला पट्टा मागे सरकतो आणि शेवटच्या चाकांना वळसा घालून वर चढतो. म्हणजे अगदी मागच्या टोकाला पट्ट्याचे दाते खालून वर जात असतात. फ्लॅप चुकून लागलाच तर ते त्याला वर, बाहेर झटकून टाकतात. रिव्हर्समध्ये सगळं उलटतं. तेच दाते आता वरून खाली येतात. मागे बर्फाचा बांध असेल तर तो फ्लॅपला आत ढकलतो, एखादा दाता त्याची कड पकडतो आणि खाली ओढतो. रसवंतीच्या चरकात उसाचं टोक गेलं की पुढचा ऊस आपोआप खेचला जातो, तसंच. एका बाजूला दबलेला बर्फ, दुसऱ्या बाजूला दाते, आणि वरून गाडीचं दोन-अडीचशे किलो वजन. फ्लॅप रिव्हेटच्या भोकापाशी फाटायला लागतो, कारण सगळा ताण तिथेच एकवटतो. कडाक्याच्या थंडीत ताठरलेलं प्लॅस्टिक तर सरळ तडकतं. रिव्हेटखाली मोठे वॉशर घातले की ताण पसरतो, हे खरं. पण फारच मजबूत केलंत तर फ्लॅपऐवजी टनेलचा पत्रा वाकेल. मला विचाराल तर फ्लॅप फाटलेला परवडला.

जाता जाता या रिव्हर्सची गंमत सांगायला हवी. अनेक टू-स्ट्रोक स्नोमोबाईलमध्ये रिव्हर्सचा गिअरच नसतो, इंजिनच उलटं फिरतं! बटण दाबलं की इंजिन बंद पडण्याच्या बेतात येतं आणि नेमक्या त्या वेळी, दट्ट्या म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आधीच, ठिणगी पडते. दट्ट्या अर्ध्यातूनच माघारी ढकलला जातो. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हऐवजी दट्ट्याच सिलिंडरची भोकं उघडतो-झाकतो, त्यामुळे त्याला उलटसुलट सारखंच. फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह ठरलेल्या क्रमाने उघडतात, म्हणून तिथे वेगळा गिअर लागतो.

बटण दाबण्याइतकं सोपं झालं, म्हणूनच घात होतो. पूर्वी रिव्हर्स नसलेल्या गाड्या मागचा बंपर धरून हातांनी उचलून फिरवायचे, तेव्हा मागे काय आहे ते दिसायचंच. आताही उतरून बघावं. बांध असेल तर फावड्याने उतरवावा, भुसभुशीत बर्फ पायांनी तुडवून घ्यावा. खोल बर्फात मात्र रिव्हर्सचा मोहच नको. पट्टा खड्डा खणतो, टनेलचं टोक नांगरासारखं रुततं आणि मागे बर्फ साचत जातो. तिथे मोठा वळसा घेऊन पुढूनच बाहेर पडावं. आणि गाडी लावतानाच तोंड वाटेकडे ठेवलं, तर निम्मी कटकट संपते.

ट्रेलरवरून मागे उतरवताना फ्लॅप उताराच्या कडेला अडकतो. त्यावर साधी युक्ती म्हणजे फ्लॅपच्या खालच्या कडेला भोक, त्यात दोरी, आणि दोरीचा आकडा मागच्या बंपरला. कुणाला तरी फ्लॅप हाताने वर धरायला सांगणं हा मात्र निव्वळ वेडेपणा, फिरत्या पट्ट्याजवळ हात नेऊच नये. मागे जाताना गाडी अडल्यासारखी वाटली तर ॲक्सिलरेटर लगेच सोडावा आणि जरासं पुढे घ्यावं. दाते उलटे फिरले की बहुतेक वेळा फ्लॅप सुटून येतो. नाहीच आला तर इंजिन बंद करून मगच ओढावा.

तेवढा आकडा काढायचा लक्षात ठेवा. फ्लॅप वर अडकवलेलाच राहिला, तर बर्फ मागच्या मागे उडून जातो, रेडिएटर कोरडा राहतो आणि चहूकडे बर्फच बर्फ असताना इंजिन तापल्याचा लाल दिवा लागतो.