रंगीत चित्रामागचं गणित तपासायचं कसं?

ग्रह एका रेषेत आले की भूकंप होतो, असं ‘सिम्युलेशन’ (म्हणजे कॉम्प्युटरवर गणितानं उभी केलेली घटनेची नक्कल) दाखवणारे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. त्यात पृथ्वी झकास फिरते, लाल रंग पसरत जातो आणि पाहणारा म्हणतो, कॉम्प्युटरनंच दाखवलंय म्हणजे खरं असणार. पण कॉम्प्युटर सांगू ते समीकरण सोडवतो. समीकरणच खोटं असेल तर चित्रही खोटंच येतं, आणि दिसायला ते तितकंच देखणं असतं. एवढंच नव्हे, समीकरण अगदी खरं असूनही चित्र पार बिघडू शकतं. सिम्युलेशन शिकणाऱ्यानं ही दुसरी गोष्ट आधी हातानं करून पाहावी. त्याला कागद-पेन्सिल पुरते.

तांब्याची एक लांब सळई घ्या. तिचा एकच बिंदू भोवतालपेक्षा १०० अंशांनी गरम आहे, बाकी सगळीकडे शून्य. फ्रेंच गणितज्ञ फूरिएनं १८२२ साली पुस्तकरूपात मांडलेला नियम सांगतो की एखाद्या ठिकाणचं तापमान किती वेगानं बदलेल, हे ते आजूबाजूच्या सरासरीपेक्षा किती वेगळं आहे यावर ठरतं. कॉम्प्युटरला अखंड सळई समजत नाही, म्हणून आपण तिचे तुकडे करतो आणि वेळेचेही टप्पे पाडतो. मग नियम असा होतो: डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याच्या तापमानांची बेरीज करा, त्यातून स्वतःच्या तापमानाची दुप्पट वजा करा, उत्तराला ‘र’नं गुणा आणि ते जुन्या तापमानात मिळवा. हा ‘र’ म्हणजे धातूचा उष्णता पसरण्याचा गुणांक गुणिले वेळेचा टप्पा, भागिले तुकड्याच्या लांबीचा वर्ग.

‘र’ पाव ठेवला तर ०, ०, १००, ०, ० चं पुढच्या टप्प्यात ०, २५, ५०, २५, ० होतं. उष्णता पसरली, सगळं ठीक. आता घाई म्हणून टप्पा चौपट करा, म्हणजे ‘र’ झाला १. उत्तर येतं ०, १००, −१००, १००, ०. गरम बिंदू भोवतालपेक्षाही थंड झाला! त्यापुढचा टप्पा: १००, −२००, ३००, −२००, १००. त्यानंतर मधला आकडा −७००.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती बेरीज. प्रत्येक टप्प्यातल्या आकड्यांची बेरीज करून पाहा, ती बरोबर १०० भरते. ऊर्जेचा हिशेब चोख आहे, बेरीज-वजाबाकीत चूक नाही, आणि तरीही उत्तराला काडीचा अर्थ नाही.

असं का होतं? शेजारच्या तुकड्यांत आलटून पालटून अधिक-उणे अशी नक्षी असेल, तर दर टप्प्याला ती (१ − ४र) पट होते. ‘र’ १ असेल तर हा गुणक −३, म्हणजे चिन्ह उलटतं आणि आकडा तिप्पट होतो. गुणक −१ आणि १ यांच्या दरम्यान राहावा, तर ‘र’ अर्ध्याच्या वर जाता कामा नये. तांब्याचा गुणांक सेकंदाला सुमारे १.१ चौरस सेंटिमीटर आहे. तुकडा १ सेंटिमीटरचा असेल तर टप्पा साधारण ०.४५ सेकंदाच्या आत हवा, आणि तुकडा १ मिलिमीटरचा केला तर ०.००४५ सेकंदाच्या. तुकडे दहापट, टप्पे शंभरपट, म्हणजे काम हजारपट. ही किंमत टाळायची एक वाट क्रँक आणि निकोल्सन या ब्रिटिश गणितज्ञांनी १९४७ मध्ये दाखवली: शेजाऱ्यांची जुनी आणि नवी तापमानं निम्मी-निम्मी धरायची. त्यात दर टप्प्याला सगळी समीकरणं एकत्र सोडवावी लागतात, पण आकडे फुगत नाहीत.

प्रत्येक बिघाड टप्प्यामुळेच होतो असं मात्र नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्डसननं २० मे १९१० च्या हवामानाचं गणित हातानं केलं आणि ते १९२२ मध्ये छापलं. त्यात सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कल वाढणार असं निघालं. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. तिथं घात केला तो सुरुवातीच्या वारा आणि दाबाच्या नोंदींमधल्या असमतोलानं.

चित्र काढताना या चुका आणखी लपतात. आपली सळई अशी रंगवली की दर चित्रागणिक सर्वांत मोठ्या आकड्याला गडद लाल आपोआप मिळेल, तर एका टप्प्यातले ३०० आणि पुढच्या टप्प्यातले ६०० सारखेच दिसतात. उरतात ते छान पट्टे, आणि नवख्याला वाटतं, उष्णतेच्या लाटाच आहेत. म्हणून रंगपट्टीची टोकं आधीच ठरवून टाका. इंद्रधनुषी रंगपट्टीही टाळा. तिच्यातला पिवळा पट्टा उगाच उजळ दिसतो आणि नसलेली सीमारेषा उभी करतो. मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या पायथन-साधनानंही २०१७ मध्ये २.० आवृत्तीपासून तिच्याऐवजी विरिडिस ही रंगपट्टी आपोआप मिळणारी म्हणून ठेवली. विरिडिसमध्ये उजळपणा एकसारखा वाढत जातो.

पडताळणीसाठी सुरुवातीचं तापमान साइन वक्रासारखं ठेवा आणि दोन्ही टोकं शून्यावर धरा. याचं नेमकं उत्तर सूत्रानं मिळतं: वक्राचा आकार तोच राहतो, फक्त उंची घातांकी वेगानं घटते. तुमचं उत्तर त्याच्याशेजारी मांडा, मग तुकड्यांची लांबी निम्मी आणि टप्पा पाव करून पुन्हा चालवा. त्याच वेळेला तुमच्या आणि सूत्राच्या उत्तरातला फरक आधीच्या साधारण चौथ्या हिश्शावर यायला हवा. तसा आला नाही, तर आधी टोकांच्या तुकड्यांसाठी लिहिलेल्या ओळी तपासा.