पडवी अडवून बसलेले प्रोग्राम

एप्रिलमध्ये देवगडला मावशीकडे गेलं की पडवीत पाय ठेवायला जागा नसते, एका बाजूला आंबा, एका बाजूला गवत, मध्ये पेट्या भरणारी माणसं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तो लॅपटॉप ज्याच्यावर बिलं होतात. यंदा पोचलो तेव्हा टेम्पो भरून तयार होता, ड्रायव्हर बिलासाठी थांबलेला, आणि लॅपटॉप चालू करून दहा मिनिटं झाली तरी बिलाचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. "ह्येका काय झाला तां बघ रे, नवीनच आसा," मावशी म्हणाली. ज्याच्याकडून घेतला त्याने फोनवर सांगितलं होतं की आता याच्यापेक्षा भारी मशीन घ्या. मला ते ऐकून खरंच वाईट वाटलं, कारण मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, म्हणजे मशीनमध्ये आत्ता काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी. त्यात बघितलं तर रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली आणि हार्ड डिस्क 100 टक्के कामात, आणि अजून मावशीने स्वतःचं एकही काम सुरू केलेलं नव्हतं! कोण होतं मग आत? 30 दिवसांची मुदत संपलेला ट्रायल अँटीव्हायरस, गेमचं एक दुकान, कंपनीचा 'मदतनीस', दोन-तीन अपडेटर, व्हिडिओ मीटिंगचा एक प्रोग्राम. यातलं एकही तिने टाकलेलं नाही, सगळं दुकानातून येतानाच आत होतं. याला ब्लोटवेअर म्हणतात. बरेचदा हे प्रोग्राम बनवणाऱ्या कंपन्या लॅपटॉप बनवणाऱ्याला त्यासाठी पैसे देतात, म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेल्या मशीनमधली जागा आधीच दुसऱ्याला भाड्याने दिलेली असते आणि आपल्याला कोणी विचारतही नाही.

आता याने मशीन एवढं का दमतं ते मावशीला पडवीवरूनच सांगितलं. रॅम म्हणजे पडवी, काम करायची जागा. हार्ड डिस्क म्हणजे माळा, सामान ठेवायची जागा. पडवी पाहुण्यांनी भरली की पेट्या भरायला जागा उरत नाही, मग थोडं सामान माळ्यावर टाकायचं, लागलं की शिडी लावून खाली आणायचं, परत दुसरं वर टाकायचं. विंडोज अगदी हेच करतं, रॅम भरली की त्यातला काही भाग डिस्कवरच्या पेजफाइल नावाच्या फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि गरज पडली की परत आणतं. पण ही शिडी किती उंच आहे बघा. रॅममधली माहिती साधारण 100 नॅनोसेकंदात मिळते. मावशीच्या लॅपटॉपात फिरणारी हार्ड डिस्क आहे, मिनिटाला 5400 फेरे, म्हणजे सेकंदाला 90, आणि हवा तो भाग डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, तेच झाले साडेपाच मिलिसेकंद, त्यात ते डोकं योग्य पट्ट्यावर सरकायचा वेळ धरला की दहाच्या वर जातं. म्हणजे जवळजवळ 1 लाख पट फरक. पडवीतली वस्तू उचलायला एक सेकंद लागतो असं धरलं तर माळ्यावरची आणायला 27 तासांच्या वर लागतील!! एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क असेल तर हाच हिशेब पंधरा-वीस मिनिटांवर येतो, म्हणून जुन्या मशीनला एसएसडी बसवली की ते एवढं पळायला लागतं. पण फुकटचे पाहुणे तिथेही जागा खातातच.

हे पाहुणे रोज आपोआप येतात कसे? विंडोजकडे एक हजेरीची वही असते असं समजा. मशीन चालू केलं, लॉगिन केलं की विंडोज ती वही उघडतं आणि त्यात ज्यांची नावं आहेत त्यांना एकेक करून हाक मारतं. वही एकच नाही हं, रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज लिहून ठेवतं ती जागा) एक, स्टार्टअप फोल्डरमध्ये एक, सर्व्हिसेसची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामची वेगळी, ठरावीक वेळी चालणाऱ्या टास्कची वेगळी. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप टॅबमध्ये (विंडोज 11 मध्ये 'स्टार्टअप अ‍ॅप्स') पहिल्या दोन वह्या दिसतात. तिथे नावावर राइट क्लिक करून डिसेबल म्हटलं की झालं. मला यातलं आवडतं ते हे की नाव खोडलं जात नाही, फक्त 'याला हाक मारू नका' अशी खूण दुसरीकडे लिहिली जाते, त्यामुळे चूक झाली तर परत एनेबल करता येतं, काही बिघडत नाही. तिथेच 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असा रकाना आहे, त्यात हाय लिहिलं असेल तर त्या प्रोग्रामने सुरुवातीलाच प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कची 3 एमबीपेक्षा जास्त ये-जा खाल्लेली असते. मावशीच्या यादीत असे पाच निघाले.

सगळं सरसकट बंद करायचं नाही मात्र. आवाजाचा, टचपॅडचा, ग्राफिक्सचा प्रोग्राम तसाच ठेवायचा, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असेल तर तेही. जे नाव ओळखीचं नाही ते आधी शोधून बघायचं. आणि एकदम अनइन्स्टॉल करू नका, आधी डिसेबल करून आठवडाभर नेहमीची कामं करा, प्रिंट काढा, काही अडलं नाही तर मगच सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्समध्ये जाऊन काढा. ट्रायल अँटीव्हायरस काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू होतो, तो चालू झालाय ना हे विंडोज सिक्युरिटीत एकदा बघून घ्यायचं.

वनड्राइव्हबद्दल, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कपाटाबद्दल, मात्र जरा थांबून करा. बऱ्याच मशीनवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आपल्या नकळत वनड्राइव्हला जोडलेले असतात, त्यातल्या काही फाइल्स नुसत्या ढगाच्या चिन्हाने दिसतात, म्हणजे त्या मशीनवर नसतातच, इंटरनेटवर असतात. हे न बघता वनड्राइव्ह काढून टाकलं की त्या दिसेनाशा होतात आणि माणूस घाबरतो की तीन वर्षांची बिलं गेली. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'या मशीनवर कायम ठेवा' हा पर्याय निवडायचा, सगळं उतरू द्यायचं, पेन ड्राइव्हवर एक कॉपी घ्यायची, मगच हात लावायचा.

कोणी म्हणेल जरा हळू चाललं तर काय एवढं. पण प्रश्न वेगाचाच नाही. 2014 च्या शेवटी लेनोवोच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्राम आधीच टाकलेला होता. पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असलेल्या सुरक्षित वेबसाइटच्या पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली साइट खरी मानायची हे ठरवणारा शिक्का) बसवलं होतं, आणि त्याची गुप्त चावी सगळ्या लॅपटॉपांवर एकच! म्हणजे ती चावी ज्याच्या हाती लागेल तो त्याच वायफायवर बसून बँकेची खोटी साइट खरी म्हणून दाखवू शकत होता. फेब्रुवारी 2015 मध्ये हे उघड झालं. वर त्रास असा की नुसता प्रोग्राम काढून ते सर्टिफिकेट जात नव्हतं, ते वेगळं काढावं लागत होतं.

मावशीकडे नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, म्हणून त्या वायफायला 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा जपून वापरायचं नेट) करून ठेवलं, आता विंडोजचे मोठे अपडेट भर सीझनमध्ये डेटा खात नाहीत. बंद केलेल्यातला एक अपडेटर दोन दिवसांनी परत चालू झालेला दिसला, त्याचं नाव टास्क शेड्यूलरच्या वहीत होतं, तिथून बंद केला तेव्हा गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप चालू केला, ड्रायव्हर चहा पीत होता, आणि त्याचा चहा संपायच्या आत बिल प्रिंटरमधून बाहेर आलं. मावशीने ते त्याच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, शेजारच्या काजूवाल्यांच्या ऑफिसातला पण बघून ये.